अपघाताआधीचा चौक : ड्रायव्हिंग सिम्युलेटर नेमके काय सांगतो?

अमेरिकेत वाहन चालविणाऱ्या प्रत्येकाला डावीकडे वळण्याचा तो क्षण परिचित असतो. सिग्नलचा गोल हिरवा दिवा लागलेला आहे, गाडी चौकाच्या मध्यापर्यंत पुढे आणलेली आहे, समोरून वाहनांची रांग येते आहे, आणि त्या रांगेतील कोणत्या दोन गाड्यांमधून पलीकडे निसटता येईल, याचा निर्णय दोन-तीन सेकंदांत घ्यायचा आहे. भारतात डाव्या बाजूने वाहन चालविण्याची सवय जडलेल्या माणसाला हाच प्रसंग उजवीकडे वळताना येतो. देश बदलला की बाजू बदलते, प्रश्न तोच राहतो. 'यूपीएस'सारखी पार्सल पोहोचविणारी कंपनी आपल्या गाड्यांचे मार्ग आखताना डावी वळणे शक्य तितकी टाळते, यामागे इंधन आणि वेळेच्या बचतीइतकाच सुरक्षिततेचाही विचार आहे.

अमेरिकेतील रस्त्यांवरच्या मृत्यूंपैकी सुमारे एक चतुर्थांश आणि जखमींपैकी जवळजवळ निम्मे चौकांशी निगडित असतात. देशाच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००५ ते २००७ या काळात अपघातस्थळी जाऊन नोंदी गोळा केल्या आणि २०१० मध्ये त्यांतील चौकांतल्या अपघातांचे स्वतंत्र विश्लेषण प्रसिद्ध केले. अशा अपघातांपैकी सुमारे २२ टक्क्यांमध्ये अपघातापूर्वीची निर्णायक घटना म्हणजे डावे वळण होते. उजव्या वळणाच्या बाबतीत हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास होते. ज्या अपघातांत निर्णायक कारण चालकाकडे आढळले, त्यांत ते कारण बहुतेक वेळा वेग किंवा मद्य हे नव्हते. सुमारे ४४ टक्के प्रसंगी चालकाने पुरेसे पाहिलेच नव्हते, आठ टक्क्यांहून थोड्या अधिक प्रसंगी त्याने समोरचा काय करील याविषयी चुकीचा समज करून घेतला होता, आणि पाच टक्क्यांहून थोड्या अधिक प्रसंगी दोन वाहनांमधील अंतराचा अंदाज चुकला होता.

'निर्णायक कारण' या शब्दाचा अर्थ जपून घ्यायला हवा. अपघाताच्या साखळीतील शेवटचा दुवा, एवढाच तो अर्थ आहे. दोष कोणाचा, हे त्यातून ठरत नाही. चालकाने पुरेसे पाहिले नाही हे खरे, पण कोपऱ्यावरच्या झाडाने किंवा विजेच्या पेटीने त्याची नजर अडवली होती का? दिव्याचा अर्थ त्याने चुकीचा लावला हे खरे, पण तो दिवाच दोन अर्थ सुचविणारा होता का? पोलिसांच्या पंचनाम्यात या प्रश्नांची उत्तरे क्वचितच मिळतात. शिवाय, एखाद्या चौकाची रचना सदोष आहे हे आकडेवारीने सिद्ध करायचे, तर तेथे पुरेसे अपघात घडेपर्यंत वाट पाहावी लागते. वर्षाला तीन-चार गंभीर अपघात होणाऱ्या चौकात नवी सिग्नल व्यवस्था बसविली, तर ती उपयोगी ठरली की नाही हे सांगण्यास कित्येक वर्षे लागतात, आणि ती उपयोगी ठरली नसेल, तर ते समजेपर्यंतची किंमत तेथून जाणाऱ्या माणसांनी चुकविलेली असते. चौकाच्या अभ्यासात ड्रायव्हिंग सिम्युलेटरला महत्त्व आले ते या अडचणीमुळे. पुढे घडू शकणाऱ्या चुका कोणाच्याही जिवाला धोका न पोहोचवता आज घडवून आणता येतील का, हा त्यामागचा मूळ प्रश्न आहे.

एका बाणाची गोष्ट

या प्रश्नाचे सर्वांत ठळक उत्तर आज अमेरिकेतील हजारो चौकांत लुकलुकताना दिसते. डावीकडे वळण्याच्या मार्गिकेवरील चमकता पिवळा बाण अनेकांच्या रोजच्या रस्त्यावर आहे, पण तो आला कोठून, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

त्यापूर्वी बहुतेक ठिकाणी डावीकडे वळणाऱ्यासाठी दोन संकेत असत. हिरवा बाण म्हणजे 'वाट तुझीच आहे, जा', आणि गोल हिरवा दिवा म्हणजे 'समोरच्यांना वाट दे आणि मग जा'. अडचण अशी की हिरवा रंग लहानपणापासून 'जा' एवढेच सांगत आलेला आहे. 'जा, पण आधी थांब' हा अर्थ त्याच रंगात वाचणे काही चालकांना जमत नसे. ते वाट आपलीच आहे असे समजून समोरच्या वाहनांपुढे वळत.

याच्या जोडीला आणखी एक गुंता होता. वाहतूक अभियंते त्याला 'पिवळा सापळा' म्हणतात. समजा, एक चालक डावीकडे वळण्यासाठी चौकाच्या मध्यभागी थांबला आहे आणि त्याचा हिरवा दिवा पिवळा होतो. 'माझा दिवा पिवळा झाला, म्हणजे समोरच्यांचाही झाला असणार, आता ते थांबतील,' असे धरून तो वळतो. परंतु समोरून येऊन डावीकडे वळणाऱ्यांना शेवटी जादा वेळ द्यायचा असेल, तर काही चौकांत समोरचा दिवा त्या क्षणी हिरवाच असतो. समोरचा चालक पूर्ण वेगाने, पूर्ण अधिकाराने येत असतो. दोघांपैकी कोणीही नियम मोडलेला नसतो, आणि तरीही धडक होते.

राष्ट्रीय पातळीवरील एका दीर्घ संशोधन प्रकल्पात या सर्व संकेतांची छाननी झाली. चालकांना चित्रे दाखवून 'हा दिवा काय सांगतो?' असे विचारण्यात आले. प्रत्यक्ष चौकांत वाहनांचे खटके मोजण्यात आले. त्याबरोबरच मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील आणि टेक्सास ट्रान्सपोर्टेशन इन्स्टिट्यूटच्या सिम्युलेटरांवर चालकांना वेगवेगळ्या दिव्यांना सामोरे जायला लावले गेले. चित्राची चाचणी चालकाला काय माहीत आहे ते सांगते, सिम्युलेटर तो काय करील ते सांगतो. या दोहोंतील अंतर किती मोठे असते, हे लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवून पहिल्याच चौकात गोंधळलेल्या कोणत्याही नव्या परवानाधारकाला विचारावे.

या प्रकल्पात चुकांची केलेली विभागणी विशेष उपयुक्त ठरली. वाट आपली असतानाही थांबून राहणे ही चूकच, पण तिने फार तर मागच्याचा हॉर्न ऐकावा लागतो. वाट आपली नसताना ती आपली आहे असे समजून वळणे ही दुसरी चूक, आणि ती प्राणघातक ठरू शकते. चांगला संकेत म्हणजे सर्वांत कमी चुका घडविणारा नव्हे, तर दुसऱ्या प्रकारच्या चुका सर्वांत कमी घडविणारा, हा निकष त्यातून पुढे आला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने गोल हिरव्या दिव्यापेक्षा चमकता पिवळा बाण चालकांना अधिक चांगला उमगतो, असा निष्कर्ष काढून त्याची शिफारस केली. २००६ मध्ये संघीय महामार्ग प्रशासनाने त्याला अंतरिम मान्यता दिली आणि २००९ च्या राष्ट्रीय वाहतूक-चिन्ह नियमपुस्तिकेत तो दाखल झाला. पिवळा सापळाही या बाणाने मोडला, कारण हा बाण शेजारच्या सरळ जाणाऱ्या दिव्याशी बांधलेला नसून समोरच्या दिव्याशी बांधलेला असतो. समोरून वाहने येण्याची शक्यता आहे तोवर तो चमकत राहतो.

यंत्राच्या पोटात

वैमानिकांना जमिनीवर शिकविण्यासाठी एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये तयार केलेली पेटी ही सिम्युलेटरांची आद्य पूर्वज मानली जाते. मोटारगाडीच्या बाबतीत काम अधिक अवघड होते. आकाशात वैमानिकाच्या खिडकीबाहेर बराच काळ काहीच नसते. चौकात मात्र सगळेच असते.

आज या यंत्रांची श्रेणी फार मोठी आहे. एका टोकाला टेबलावरचे तीन पडदे, चाक आणि पायातली पॅडल एवढीच सामग्री असते. दुसऱ्या टोकाला आयोवा विद्यापीठातील राष्ट्रीय प्रगत सिम्युलेटर आहे. तेथे २४ फूट व्यासाच्या घुमटात खरी गाडी बसविलेली आहे, तिच्याभोवती ३६० अंशांत दृश्य उमटते, आणि तो घुमट ६४ फूट लांबी-रुंदीच्या दालनात पुढे-मागे आणि आडवा सरकतो. ब्रेक दाबला की शरीर खरोखर पुढे झुकते. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठातही अशाच घुमटात जग्वार गाडी बसविलेली आहे.

चौकाच्या अभ्यासाला मात्र मोठ्या यंत्रापेक्षा दोन गोष्टी अधिक निर्णायक ठरतात. पहिली म्हणजे दृश्याची रुंदी. महामार्गावरील वेगाचा अभ्यास समोरच्या एका पडद्यावर भागू शकतो. परंतु चौकात चालकाला मान पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पाहावे लागते. पडदा तेथे संपत असेल, तर 'चालकाने बाजूला पाहिले नाही' हा निष्कर्ष हास्यास्पद ठरतो, कारण पाहण्यासारखे तेथे काही नव्हतेच. दुसरी गोष्ट म्हणजे दृश्याची सूक्ष्मता. दूरच्या दिव्यातील बाण किंवा फलकावरील अक्षरे खऱ्या डोळ्याला जेथून वाचता येतात, तेथून ती प्रोजेक्टरच्या ठिपक्यांत विरघळलेली असतात. म्हणून संशोधक कित्येकदा फलक मुद्दाम मोठे रंगवितात. हा बदल अहवालात नमूद केलेला नसेल, तर वाचकाने सावध व्हावे.

प्रयोगाचा खरा प्राण प्रसंगरचनेत असतो. सहभागी चालकाला आधी काही मिनिटे सराव दिला जातो. मग त्याच्या वाटेत एकामागून एक चौक येतात. समोरच्या वाहनांच्या रांगेत तीन, चार, पाच, सहा सेकंदांच्या मोकळ्या जागा ठरवून पेरलेल्या असतात. तो कोणती नाकारतो आणि कोणती स्वीकारतो, याची नोंद होते. सहभागी चालकांना प्रसंगांचा क्रम वेगवेगळा दिला जातो, म्हणजे सरावाचा परिणाम निकालात मिसळत नाही. डोळ्यांच्या हालचाली टिपणारे उपकरण नजर कोठे आणि किती वेळ टिकली ते नोंदविते. चाक, ब्रेक, वेग यांची नोंद सेकंदाला कित्येक वेळा होत राहते. धोका प्रत्येक चालकापुढे एकाच क्षणी, एकाच अंतरावर, एकाच वेगाने उभा करता येतो. रस्त्यावर अशी समानता कधीच मिळत नाही.

आणि प्रत्यक्ष धडकेची वाट पाहावी लागत नाही. एक गाडी ज्या जागेवरून निघून गेली, त्याच जागी दुसरी गाडी किती वेळाने पोहोचली, हा अवधी मोजला की धडक किती थोडक्यात हुकली ते समजते. पाच सेकंदांचा अवधी निर्धास्त म्हणता येईल, एका सेकंदाचा अवधी म्हणजे दैव बलवत्तर. अशा हुकलेल्या धडका अपघातांहून कितीतरी अधिक संख्येने घडतात, त्यामुळे काही डझन चालकांच्या नोंदींतूनही काही ठामपणे म्हणता येते.

पिवळ्या दिव्याचे गणित

सिग्नल पिवळा होताना काय करावे, हा प्रश्न चालकाच्या स्वभावाचा मानला जातो. धीराचा माणूस थांबतो, उतावळा सुसाट निघतो, अशी समजूत आहे. १९६० मध्ये डेनोस गाझिस, रॉबर्ट हर्मन आणि ॲलेक्सेई मॅराडुडिन या तिघांनी एका गाजलेल्या शोधनिबंधात दाखवून दिले की काही वेळा चालकाला योग्य पर्यायच उरलेला नसतो. गणित साधे आहे. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. दिवा पिवळा झाल्याचे ध्यानात येऊन पाय ब्रेकवर जाण्यास एक सेकंद धरला, तर त्यातच २० मीटर गेले. त्यानंतर सहज सोसवेल इतक्या, म्हणजे सेकंदागणिक तीन मीटर प्रतिसेकंद या दराने वेग उतरविला, तर आणखी सुमारे ६७ मीटर लागतात. एकूण ८७ मीटर. आता पिवळा दिवा तीनच सेकंदांचा असेल, तर त्याच वेगाने गाडी ६० मीटरच पुढे जाते. थांबरेषेपासून ६० ते ८७ मीटरांच्या पट्ट्यात असलेला चालक धड थांबूही शकत नाही आणि धड जाऊही शकत नाही. पिवळा दिवा सव्वाचार-साडेचार सेकंदांचा केला, की हा पट्टा कागदावर नाहीसा होतो.

कागदावर नाहीसा झाला तरी माणसाच्या मनात तो उरतोच. समान अंतरावर असलेल्या दोघांपैकी एक थांबायचे ठरवितो, दुसरा जायचे, आणि मागचा पुढच्यावर आदळतो. येथे गणित संपते आणि सिम्युलेटरचे काम सुरू होते. कतार विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यावरील निरनिराळे उपाय एकाच आभासी चौकात तपासले. हिरवा दिवा संपण्याआधी लुकलुकविणे, थांबरेषेपाशी रस्त्यातच लाल एलईडी दिवे बसविणे, पिवळ्या दिव्याचे उरलेले सेकंद फलकावर दाखविणे, आणि सिग्नल तोडणाऱ्यांवर कॅमेरा आहे असा इशारा देणारी कमान उभारणे, असे ते उपाय होते. जमिनीतील लाल दिव्यांचा परिणाम सर्वांत चांगला दिसला. लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्याने मात्र अपेक्षाभंग केला. वरकरणी तो चालकाला आगाऊ सूचना देणारा, म्हणून हितकारक वाटतो. परंतु ती सूचना मिळताच काही जण ब्रेक दाबतात आणि काही जण वेग वाढवितात, त्यामुळे गोंधळ कमी न होता लांबतो. आखातातील रस्त्यांवर अनेक देशांत वाहन चालवायला शिकलेली माणसे शेजारी-शेजारी गाडी हाकत असतात. तेथे एका संकेताचे असे दोन अर्थ लावले जाणे अधिकच महागात पडू शकते.

एखादी रचना बांधण्यापूर्वीच तिच्याविषयीची भीती तपासता येते, याचे उदाहरण मिसुरी राज्यात सापडते. महामार्गाच्या पुलाजवळ वाहनांना काही अंतरासाठी रस्त्याच्या विरुद्ध बाजूला नेणारी 'डायव्हर्जिंग डायमंड' ही रचना प्रस्तावित झाली, तेव्हा साहजिकच शंका निघाली. आयुष्यभर उजवीकडून गाडी चालविलेले अमेरिकी चालक डाव्या बाजूला नीट जातील का, की समोरच्यांच्या मार्गिकेत घुसतील? संघीय महामार्ग प्रशासनाच्या व्हर्जिनियातील संशोधन केंद्राने कॅन्सस सिटीतील प्रस्तावित आराखडा सिम्युलेटरमध्ये उभा केला आणि ७०हून अधिक सामान्य चालकांना त्यातून नेले. चुकीच्या दिशेने शिरण्याच्या बाबतीत नेहमीच्या रचनेत आणि या नव्या रचनेत फरक आढळला नाही. २००९ मध्ये मिसुरीतीलच स्प्रिंगफील्ड येथे अमेरिकेतील अशी पहिली रचना खुली झाली. या रचनेत डावीकडे वळणाऱ्याला समोरच्या वाहनांना छेदावे लागतच नाही, हा तिचा मुख्य लाभ. मुंबई-पुण्यात वाहन चालवायला शिकून अमेरिकेत आलेल्यांना तेथून जाताना क्षणभर आपल्या जुन्या बाजूला परतल्यासारखे वाटत असेल, तर नवल नाही.

वयाचा प्रश्न

परदेशात स्थिरावलेली मराठी माणसांची पहिली मोठी पिढी आता सत्तरीत आणि ऐंशीत आहे. 'बाबांनी आता गाडी चालवावी का?' हा प्रश्न कित्येक घरांत उघडपणे विचारला जात नाही. वृद्ध चालकांचे चौकांतील, विशेषतः वळतानाचे, अपघात तुलनेने अधिक असतात, आणि त्याचे कारण मंद नजर किंवा आखडलेली मान असे मानून विषय संपविला जातो.

मॅथ्यू रोमोसर आणि डोनाल्ड फिशर यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेले काम या समजुतीला छेद देते. वृद्ध चालक थांबरेषेपाशी दोन्ही बाजूंना पाहतात. पण एकदा वळायला सुरुवात केली, की ते पुन्हा बाजूला पाहत नाहीत. तरुण पण अनुभवी चालक वळताना आणखी एकदा नजर टाकतात, आणि नेमक्या त्याच वेळी, आधी न दिसलेली गाडी दिसते. संशोधकांनी काही वृद्धांना सिम्युलेटरमध्ये बसवून त्यांच्याच वाहन चालविण्याचे चित्रण त्यांना दाखविले आणि सराव करून घेतला. दुसऱ्या काहींना तीच माहिती व्याख्यानातून दिली. व्याख्यान ऐकणाऱ्यांत सुधारणा झाली नाही. सराव केलेल्यांची दुसरी नजर जवळजवळ दुपटीने वाढली, आणि ती केवळ यंत्रात नव्हे, तर त्यांच्या स्वतःच्या गाडीत, खऱ्या रस्त्यावरही. म्हणजे येथे शरीर थकले होते त्याहून सवय अधिक सुटली होती, आणि सुटलेली सवय पुन्हा लावता येते. घरातल्या त्या अवघड संभाषणाची सुरुवात किल्ल्या काढून घेण्याऐवजी येथून करणे अधिक न्याय्य ठरेल.

यंत्राच्या मर्यादा

सिम्युलेटरच्या निष्कर्षांवर किती विश्वास ठेवावा, याचे उत्तर प्रश्न कोणता विचारला यावर अवलंबून असते. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही चालकांना उपकरणे बसविलेल्या खऱ्या गाडीतून आणि काहींना सिम्युलेटरमधून तशाच रस्त्यांवर नेले. काही 'थांबा' फलकांच्या आधी रस्त्यावर खडखडणारे आडवे पट्टे होते, काहींच्या आधी नव्हते. पट्टे असताना वेग कसा उतरतो, याचा नमुना दोन्हीकडे जुळला. प्रत्यक्ष वेगाचे आकडे मात्र जुळले नाहीत. खऱ्या गाडीतील चालक सामान्यतः अधिक वेगाने गेले. 'या दोन रचनांपैकी अधिक सुरक्षित कोणती?' असे विचारले, तर सिम्युलेटर बहुधा योग्य उत्तर देतो. 'या रचनेने किती जीव वाचतील?' या प्रश्नावर त्याने दिलेला आकडा जसाच्या तसा धोरणात उतरविणे धाडसाचे आहे. वर्तमानपत्री मथळ्यांत हा भेद बहुधा हरवतो.

दुसरी मर्यादा शारीरिक आहे, आणि चौकाच्या अभ्यासकांना ती विशेष छळते. पडद्यावर जग वळते, पण अंतर्कर्णातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला शरीर वळल्याचे जाणवत नाही. या विसंवादातून मळमळ आणि चक्कर येते. सरळ महामार्गावर हा त्रास कमी असतो, वळणांवर आणि वारंवार थांबण्या-निघण्याने तो वाढतो. म्हणजे जे अभ्यासायचे, तेच सहन होत नाही. ज्येष्ठांना हा त्रास अधिक होतो, आणि प्रयोग अर्धवट सोडून जाणाऱ्यांतही त्यांचीच संख्या मोठी असते. वृद्ध चालकांविषयीचा निष्कर्ष वाचताना शेवटपर्यंत टिकले कोण आणि गळले कोण, हे पाहिले पाहिजे. गार हवा, विश्रांती, सलग वळणे टाळणे, असे उपाय योजले जातात. त्रास पूर्णपणे जात नाही.

तिसरी मर्यादा भीतीची. पडद्यावरच्या ट्रकखाली कोणी मरत नाही, हे प्रत्येक सहभागी जाणून असतो. त्याच वेळी आपल्यावर लक्ष ठेवले जात आहे, हेही तो जाणून असतो. पहिल्या जाणिवेने काही जण बेफिकीर होतात, दुसरीने काही जण नको इतके सभ्य. मोबाइलवर बोलत, मागच्या आसनावरील मुलांचे भांडण सोडवत, कार्यालयाला उशीर झालेला असताना माणूस जसा गाडी चालवितो, तसा तो प्रयोगशाळेत अर्ध्या तासात चालवील, अशी अपेक्षा कोणी जाणता संशोधक करीत नाही.

पवई आणि चौफुली

भारतात २०२२ या एका वर्षात ४,६१,३१२ रस्ते अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू नोंदविले गेले. या पार्श्वभूमीवर मुंबईत पवईच्या आयआयटीमध्ये चाललेले काम लक्षात घेण्यासारखे आहे. तेथील पुष्पा चौधरी आणि नागेंद्र वेलगा यांनी सिम्युलेटरच्या साहाय्याने फोनवरील संभाषण, संदेश टंकणे आणि म्युझिक प्लेयर हाताळणे यांचा चालकावर होणारा परिणाम तपासला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांपैकी एक दिवा पिवळा होतानाच्या वर्तनाविषयी आहे, तर दुसरा सिग्नल नसलेल्या चौकात चालक वाहनांमधील कोणती मोकळी जागा स्वीकारतो याविषयी. दोन्ही प्रश्न भारतीय रस्त्याच्या मर्मावर बोट ठेवणारे आहेत.

भारतीय चौक मात्र यंत्रात उतरविणे हे निराळेच आव्हान आहे. सिम्युलेटरांच्या प्रणाली मुख्यतः पाश्चात्त्य रस्त्यांसाठी विकसित झाल्या. त्यांतील आभासी वाहने मार्गिकेच्या मध्यातून चालतात, पुढच्या वाहनापासून ठरावीक अंतर राखतात आणि वाट ज्याची आहे त्याला देतात. महामार्गावरच्या चौफुलीवर यांपैकी एकही गृहीतक टिकत नाही. तेथे मोकळी जागा मिळण्याची वाट पाहिली जात नाही, गाडीचे नाक पुढे सरकवून ती निर्माण केली जाते. दोन मोटारींमधल्या फटीत तीन दुचाकी सामावतात. हॉर्न हा तेथे संतापाचा नव्हे, तर 'मी येतो आहे' असे कळविण्याचा आवाज असतो. डाव्या कोपऱ्यावर प्रवासी घेण्यासाठी थांबलेली रिक्षा हा अपवाद नसून चौकाचा स्थायी भाग असतो. अमेरिकी प्रणालीतील शिस्तबद्ध वाहनांत भारतीय चालकाला बसवून काढलेला निष्कर्ष भारतीय चौकाला लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही.

त्यासाठी आधी खऱ्या चौकांचे चित्रण करून कोण, किती वेगाने, किती अंतरावर, कोणासमोर नमते घेतो, हे मोजावे लागते आणि आभासी वाहनांना ते शिकवावे लागते. पादचाऱ्याचेही तसेच. पाश्चात्त्य प्रणालीतील पादचारी झेब्रा पट्ट्यापाशी उभा राहून दिवा बदलण्याची वाट पाहतो. भारतातला पादचारी चालत्या वाहनांसमोर हाताचा तळवा दाखवीत एकेक मार्गिका पार करतो, आणि बसचालकाच्या चेहऱ्याकडे पाहत पुढचे पाऊल टाकायचे की नाही ते ठरवितो.